तेलाची वाटी आणि तीन गिटारी

आक्काच्या घरात दिवाबत्ती झाली की पहिलं तेल देवापुढच्या समईत पडायचं आणि दुसरं माझ्या बोटांवर. पितळी वाटीत ती करडईचं तेल स्टोव्हवर कोमट करायची, चिमूटभर हळद टाकायची आणि माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घ्यायची. अंगणात पडून गुडघा फोडून घेतलेल्या पोराला धरावं तसं. मी तेव्हा चांगला मिसरूड फुटलेला, कॉलेजात जाणारा गडी होतो. पण बोटांची टोकं फुटलेली असायची, दोन बोटांवर तर तारेच्या खाचा पडून त्यात रक्त साकळलेलं असायचं. "कशापायी करायलास रं हे?" आक्का विचारायची. "गाणंच म्हणायचं तर तोंडानं म्हण की. त्याला कुणी नाय म्हणतंय का?" असं बोलत बोलत ती तेल जिरेपर्यंत चोळायची. उरलेलं तेल वाटीतच झाकून फडताळात जायचं, आणि आक्का आपले हात राखेनं खसाखसा धुऊन भाकरी थापायला बसायची. भाकरीचा तो थाप थाप आवाज आणि माझ्या बोटांतला ठणका माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहे.

आमचं गाव गंगापूरच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला. आण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, ऊस-कापसाची शेती होती आणि त्यांच्या मते जगात तेवढंच एक काम होतं, बाकी सगळे चाळे. कॉलेजसाठी मी औरंगाबादला आक्काकडं, माझ्या थोरल्या बहिणीकडं, राहायला आलो. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत. आक्काचं बिऱ्हाड जुन्या बाजाराच्या बाजूच्या एका बोळात, आमच्या घरमालकिणीच्या, खालाच्या घरात मागच्या दोन खोल्यांमध्ये होतं. दाजी कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे, त्यामुळं घरातली भांडीसुद्धा दिवसा दबकत वाजायची. संध्याकाळी दाजी डबा घेऊन सायकलवर बाहेर पडले की घर मोकळं व्हायचं. मशिदीतून अजान यायची, शेजारचा रेडिओ लागायचा, आक्का येसराचा मसाला घातलेली आमटी उकळायला ठेवायची आणि तिच्या खमंग वासानं खालाचं मांजर उंबऱ्यावर येऊन बसायचं. मीही मग कोपऱ्यातली गिटार काढायचो.

ती गिटार खालाची होती. खाला एकटी, उंच, ताठ बाई. अंगणातल्या तख्तावर बसून ती दिवसभर पान लावायची आणि बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची. पानदान चांदीचं होतं, सुपारी कातरायचा सरोता पितळी होता, आणि वेलदोडे कुटायला मात्र तिच्याकडं खलबत्ता नव्हता. बोटभर लांबीची, गुळगुळीत, चकचकीत पोलादाची एक कांडी होती, तिनं ती वेलदोडे ठेचायची. तिचे शौहर जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना ती 'साहब' म्हणायची. साहब निजामाच्या अमदानीत कचेरीत होते, हैदराबादेत बदलीवर असताना त्यांना गिटारीचा शौक लागला, आणि पोलीस अॅक्शननंतर कचेरी सुटली तरी शौक सुटला नाही. गिटारीच्या पोटात त्यांनी कुणाकडून तरी एक चुंबकाची पेटी बसवून घेतली होती. तिची वायर रेडिओच्या पाठीत खुपसली की आवाज रेडिओतून यायचा. मी बाहेरच्या खोलीत गिटारीचं खोकं पाहिलं आणि विचारलं, तेव्हा खालानं क्षणभरही विचार केला नाही. "ले जा बेटा. पडे पडे लकडी सड रई. बजा. मेरेकु बी आवाज आयेगा."

गिटार कशी धरायची हे मला ठाऊक होतं. गणपतीत पुण्या-मुंबईचे ऑर्केस्ट्रा यायचे. त्यात गिटारवाला उभा राहून, गळ्यात पट्टा अडकवून, एक पाय हलवत वाजवायचा. मी पोस्टात पहिला पगार झालेल्या माणसाच्या रुबाबात पट्टा अडकवला आणि तार दाबली. दाबली म्हणजे काय, तार दांडीपासून इतकी उंच होती की खाली करंगळी घालावी. ती दांडीला टेकवायला सगळा जोर लावावा लागायचा, आणि टेकली तरी सूर फुटका निघायचा. मला वाटलं, नवीन आहे, सवय होईल. वर्ष उलटलं. सवय बोटं फुटण्याची झाली.

त्या वर्षात मी एका ऑर्केस्ट्रात शिरलो होतो. गुलमंडीजवळ एका तेलाच्या दुकानावरच्या खोलीत त्याची तालीम चालायची आणि तिथं गाण्यातसुद्धा शेंगदाण्याच्या पेंडीचा वास यायचा. चालवणारे प्रभाकर मास्तर. ते ॲकॉर्डियन वाजवत आणि सूर एवढासा हलला तरी त्यांचा डावा डोळा बारीक होई. गिटार मात्र त्यांनी आयुष्यात कधी हातात घेतली नव्हती. मी खालाची गिटार घेऊन जायचो, दोन सूर नीट लागायचे, तिसऱ्याला तार सुटायची. एके दिवशी मास्तरांनी वाजवणं थांबवलं, माझा पंजा धरला, उलटा केला, सुलटा केला आणि अगदी मायेनं म्हणाले, "दत्ता, बाळा, राग मानू नको. हे हात औताचे आहेत. बोटं बघ केवढाली जाड. गिटारीला लांब, सडपातळ बोटं लागतात. ती जन्मानंच यावी लागतात." खोलीतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी हे घरी येऊन आक्काला सांगितलं. ती तेव्हा माझ्या बोटांना तेल लावत होती. तिचा हात थांबला. मग माझा पंजा तिनं आपल्या पंज्याशेजारी ठेवला. तशीच जाड बोटं, तीच रुंद नखं, अंगठ्याचं पेर तसंच बाहेर आलेलं. आमच्या घराण्यातच ती बोटं आहेत. "आपल्या आण्णाची बी असलीच हायेत," ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा तेल चोळू लागली.

आण्णांना गिटारीचं कळलं होतंच. बाजाराला आले की ते दोन घटका आक्काकडं टेकायचे. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "गाण्यात काय व्हणार आसंल तर होऊ दे. नसंल तर ऊसतोडीच्या आत गावाकडं ये. कॉलेज बी बास अन् टुणटुण बी बास." आक्का मध्ये पडली. तिनं आयुष्यात आण्णांपुढं कधी मान वर केली नव्हती, पण म्हणाली, "आण्णा, मास्तर नवी गिटार आणायलेत. ती दत्ताला जमली तर ऱ्हाऊ द्या त्याला. नाय जमली तर मी सोता एसटीत बसवून देते." आण्णा "बरं" म्हणाले आणि पिशवी उचलून उठले. आता माझ्यासाठी आक्काचा शब्द अडकला होता. मला गावाची भीती नव्हती, शेतातलं काम मी पाहिलं होतं आणि केलंही होतं. मला भीती होती ती, मास्तर म्हणाले ते खरं असण्याची. माणूस आळशी असला तर सुधारेल, हात कुठून बदलून आणणार?

इथं थोडं आजचं लिहितो. माझी नात सध्या इलेक्ट्रिक गिटार घेणार आहे. म्हणजे अजून घेतलेली नाही, रोज घेणार आहे. फोनवर कुठल्या कंपनीची दांडी निमुळती, कुठलीचं वजन खांद्याला सोसतं, कुठलीचा निळा रंग खराखुरा निळा, यावर लोकांनी तासतासभराची प्रवचनं दिलेली असतात आणि ती सगळी ऐकते. जेवताना मला विचारते, "आजोबा, दिसणं महत्त्वाचं की हाताला सोपी असणं?" मी म्हणतो, आधी भाजी संपव. पण मनातल्या मनात मी तेलाच्या दुकानावरच्या त्या खोलीत जाऊन पोचलेला असतो.

कारण असली चर्चा मी एकदा केली आहे, आणि जिवाच्या आकांतानं केली आहे. मास्तरांनी मुंबईच्या एका दुकानदाराकडून तीन गिटारी पसंतीसाठी मागवल्या होत्या. एक ठेवायची, दोन परत. कंपन्यांची नावं गिटारींच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत होती, पण आम्ही ती घेतलीच नाहीत; मुंबईवाली, कलकत्त्यावाली आणि जपानी असंच म्हणत होतो. मुंबईवाली लालभडक, दोन्ही बाजूंना बैलाच्या शिंगासारखी टोकं निघालेली. कलकत्त्यावाली पिवळी, कडेला तपकिरी होत गेलेली, गोल पोटाची. जपानी काळी, कुणीतरी वापरलेली, कोपऱ्यावरचा रंग उडालेला. सतरंजीवर तिघी निजवल्या होत्या आणि आम्ही मुलगी बघायला आल्यासारखे भोवती बसलो होतो.

आमचा गायक अन्वर. पांढरे बूट घालून तालमीला येणारा आमच्यातला तो एकटाच. त्यानं लालवरून नजर काढलीच नाही. "मास्तर, बात खतम. स्टेजवर लाइट पडला तर ही पेटंल. लोकं आधी बघतेत, मग ऐकतेत." मास्तर म्हणाले, "बघतील रे, पण मांडी घालून बसल्यावर ही धरायची कशी?" हा प्रश्न आमच्याचकडं येणार. आमचा ऑर्केस्ट्रा लग्नात उभा राहायचा आणि देवाच्या कार्यक्रमाला गादीवर मांडी घालून बसायचा. गिटार बनवणाऱ्याच्या डोक्यात गादी कधी आलीच नसणार. मग मास्तर माझ्याकडं वळले. "दत्ता, तूच धरून बघ. तिन्ही वाजव आणि सांग."

वाजवलं की निकाल लागणार होता. मी वाजवायचं सोडून बोलायला सुरुवात केली. लाल गळ्यात घातली आणि वजनाबद्दल बोललो. मांडी घालून बसलो तर तिचं खालचं शिंग नेमकं मांडीत आणि वरचं बरगडीत, तेही सांगितलं. पिवळी घेतली आणि म्हटलं, हिचं पोट मांडीवर कसं बसतं बघा, धान्याची पायलीच जणू. मग काळीच्या दांडीवरून हात फिरवला, निमुळती आहे म्हणालो, पाठ घासलेली आहे म्हणालो, उडालेल्या रंगावर काय लावता येईल तेही बोललो. मी आयुष्यात तेवढा कधी बोललो नव्हतो. आराम, रंग, आकार, पट्ट्याची कडी, सगळं झालं. पुन्हा लालकडं वळणार तेवढ्यात मास्तर म्हणाले, "दत्ता, कीर्तन पुरे. वाजव."

काळी हातात होती. ॲम्प्लिफायरचा खटका दाबला गेला आणि तो गुणगुणू लागला. मी डोळे मिटले, नेहमीसारखा सगळा जोर एकवटून तार दाबली आणि नखी मारली. सूर आला, पण असा चढा, वेडावाकडा, की अन्वरनं कानावर हात ठेवला. मास्तरांचा डावा डोळा बारीक झाला. मी तिथंच मेलो. एसटी दिसली, उसाचा फड दिसला, आण्णांपुढं उभी राहिलेली आक्का दिसली. मास्तर हलकेच म्हणाले, "अरे, तार आहे ती. तिचा गळा का दाबतोयस?"

हे ऐकून नव्हे, खरं सांगायचं तर हरल्यामुळं माझ्या हातातलं बळच गेलं. बोट नुसतं तारेवर पडलेलं राहिलं आणि उजवा हात सवयीनं हलला. सूर लागला. स्वच्छ, गोल, अगदी जागेवर. मला वाटलं दुसऱ्या कुणी वाजवलं. मी बोटाकडं पाहिलं. ते दाबत नव्हतं, फक्त टेकलं होतं, आणि तार दांडीला भिडली होती. पुढचं बोट टेकवलं. तोही लागला. मग मी वर्षभर फुटक्या सुरात घोकलेली मास्तरांचीच एक चाल धरली आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही तार न सुटता, निघून गेली. वर्षभर डोक्यावर गोणी घेऊन पळणाऱ्या माणसाची गोणी कुणीतरी काढून घ्यावी आणि पाय आपोआप उचलत राहावेत, तसं माझं झालं होतं. मी पिवळी उचलली, तिच्यावरही तीच चाल आली. लालवरही आली. मला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही.

"कुठली चांगली?" मास्तरांनी विचारलं.

"तिन्ही," मी म्हणालो.

"अरे, पण आरामाला कुठली? हाताला सोपी कुठली?"

"तिन्ही, मास्तर. तिन्ही लई सोप्या हायेत." घाबरल्यावर नाहीतर आनंद झाल्यावर माझ्या तोंडी गावची भाषा येते, ती अशी आली.

"हा परीक्षक कामाचा नाही," मास्तर म्हणाले. पण त्यांनी माझा पंजा पुन्हा हातात घेतला, पुन्हा उलटासुलटा केला. शेवटी म्हणाले, "बोटं तर तीच आहेत रे." मग अन्वरकडं वळून म्हणाले, "वाजवणारा मिळाला. आता तुला आवडेल ती ठेव." लाल राहिली. पुढं कितीतरी वर्षं गादीवरच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर माझ्या बरगडीवर तिच्या शिंगाचा वळ असायचा. काळी सगळ्यांत चांगली होती हे मला नंतर कळलं, तेव्हा मात्र कुणी खिडकीची चौकट हातात दिली असती तरी मी पसंत केली असती.

मी गुलमंडीपासून घरापर्यंत पळत आलो. खाला तख्तावर बसून वेलदोडे ठेचत होती. तिला धापा टाकत सगळं सांगितलं आणि विचारलं, "खाला, मग तुमच्या गिटारीच्या तारा एवढ्या उंच कशा? साहब कसे दाबायचे?"

"दबाते?" खालाच्या भुवया वर गेल्या. "साहब कायकू दबाते? उनों तो गोदी में सुलाके बजाते थे." तिनं दोन्ही हात मांडीवर आडवे धरून दाखवले. "एक हात से तार छेडते, दूसरे हात से ये फिराते." आणि तिनं हातातली कांडी वर केली. तिच्या टोकाला वेलदोड्याचं हिरवं साल चिकटलेलं होतं.

मी खालीच बसलो. मांडीवर आडवी ठेवून, वरून पोलाद घसरवत वाजवायची ती गिटार होती. पोलाद दांडीला लागू नये म्हणून तारा मुद्दाम उचललेल्या होत्या. दांडीच्या टोकाला तारांखाली एक उंच लोखंडी पट्टी सरकवलेली होती. ती मी वर्षभर रोज पाहत होतो, मला ती गिटारीचाच भाग वाटायची. "खाला, तुम्ही बोलला का नाहीत?" मी म्हटलं. खालानं कपाळावर हात मारला. "मैं समझी, कॉलेज का नया फैशन होंगा! खडे रैके बजाना, ऊपर से जोर लगाना. मेरेकु क्या मालूम? मैं तो दिल में बोलती थी, कित्ता मेहनती बच्चा है." मग आम्ही दोघं इतके हसलो की झोपायच्या तयारीतलं मांजर उठून निघून गेलं. खाला हसता हसता थांबली, कांडी तिनं ओढणीनं स्वच्छ पुसली आणि माझ्या हातात दिली. "एक बार वैसा बजा. उनके जैसा." मी गिटार मांडीवर निजवली आणि तारांवरून कांडी फिरवली. नीट काही आलं नाही, नुसता एक लांब, ओला सूर निघाला आणि घसरत खाली आला. खाला ऐकत राहिली. सुपारीसाठी उचललेला सरोता तिच्या हातात उघडाच राहिला होता. "हौ," ती म्हणाली. "हौ, ऐसाच." तारांखालची ती लोखंडी पट्टी मी कधीच काढली नाही.

घरात आलो तेव्हा दिवा लागलेला होता. आक्काला अंगणातलं सगळं ऐकू गेलं असणार, पण ती पाठमोरी बसून सवयीप्रमाणं वाटी स्टोव्हवर धरून होती. वळली, माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि विचारलं, "काय म्हणलं मास्तर?"

"बोटं तीच हायेत म्हणले. गिटारच उलटी धरली होती आपण."

"म्हंजे हाताचा दोष नाय?"

"नाय, आक्का."

"आन् गावाकडं?"

"नाय जायचं."

आक्कानं एक लांब श्वास सोडला. माझा हात अजून तिच्या मांडीवरच होता, आणि दुसऱ्या हातात तेलाची वाटी. "आता नको आक्का," मी म्हटलं, "आता दुखत नाय." तिनं वाटीकडं पाहिलं. तापलेलं तेल परत फडताळात ठेवायचं तिच्या जिवावर आलं असावं. मग तिनं वाटीत बोटं बुडवली आणि ते तेल स्वतःच्या हातांना लावायला सुरुवात केली. आधी एका हाताला, मग दुसऱ्या, एकेक जाड बोट मुळापासून नखापर्यंत, अगदी सावकाश.